जन्मलाच नाही, तर मेला कुठून?

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र आलं. एका बाजूला नारळाची झाडं, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा झेंडा, मधे दोन आकडे. केरळ ५, अमेरिका ५.६. दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, 'केरळने महासत्तेला हरवलं'.

पंधरा मिनिटांत ग्रुपमध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बघा, अमेरिकेत काय ठेवलंय, उगाच पोरं तिकडे पळतात. दुसऱ्याचं म्हणणं, सरकारी आकडे म्हणजे शुद्ध थापा, आपल्याकडे कोण मोजतंय? बी विंगमधल्या काकांनी तेवढ्यात जपान, सिंगापूर, क्युबा अशी देशांची यादीच टाकली, क्रमांकासकट. मी तेव्हा घाटकोपरहून मरोळला जाणाऱ्या मेट्रोत लोंबकळत होतो. टाइप करायला एक हात मोकळा होता, पण काही लिहिलं नाही. तेव्हा जे लिहायला हवं होतं ते आता लिहितोय. माझं ठाम मत आहे की दोन्ही तट चुकीचे आहेत, आणि हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही. आकडे नंतर वाचले. आधी घरात एक गोष्ट घडली.

ती आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या ताईला चोविसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. रात्री अडीचला भावजी तिला रिक्षात घालून जवळच्या एका खासगी हॉस्पिटलात घेऊन गेले. नाव सांगत नाही, कारण हे कुठेही झालं असतं. पहाटे मुलगा झाला. सहाशे ग्रॅमच्या आसपास. माझ्या आईने त्याला पाहिलं. तो श्वास घेत होता. छाती वरखाली होत होती, एक हात हलला, असं ती आजही सांगते. तिथे एवढ्या लहान बाळाला ठेवायची सोय नव्हती आणि दुसरीकडे हलवायला वेळ उरला नाही. चाळीस मिनिटांनी तो गेला.

दुपारी भावजींच्या हातात जो कागद आला त्यावर लिहिलं होतं, 'गर्भपात, २४ आठवडे'. भावजींनी काउंटरवर विचारलं, जन्माचा दाखला? मृत्यूचा? काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. उलट आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, असंच राहू द्या. दोन-दोन दाखल्यांसाठी या दिवसांत कुठे फिरणार?" भावजींना त्या क्षणी ते उपकारच वाटले.

मी त्या बाळाचा मामा. पण सरकारदरबारी मी कोणाचाच मामा नाही. तो जन्मला नाही, म्हणून मेलाही नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यात जिवंत जन्माची व्याख्या अगदी स्वच्छ आहे. गर्भ किती आठवड्यांचा होता याला महत्त्व नाही. बाहेर आल्यावर त्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दाखवली, तर तो जन्म. मग तो चाळीस मिनिटांनी गेला तर तो मृत्यू. दोन स्वतंत्र नोंदी, २१ दिवसांच्या आत.

'उपजत मृत्यू' म्हणजे मृतावस्थेत झालेला जन्म, त्याचंही वेगळं रजिस्टर असतं. पण त्यासाठी गर्भ किमान २८ आठवड्यांचा असावा लागतो. त्याआधी जे संपतं त्याला रजिस्टरच नाही.

म्हणजे चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत एका शब्दाने सगळं ठरतं. 'श्वास घेतला' असं लिहिलं तर तो मुंबईच्या अर्भकमृत्यू दरात एकाने भर घालतो. 'गर्भपात' लिहिलं तर तो कुठल्याच रकान्यात जात नाही. आणि तो शब्द पहाटे पाच वाजता, झोप न झालेला एक माणूस, समोर रडणारं कुटुंब असताना लिहितो. त्यात कोणाचा कट नव्हता. दया होती, घाई होती, सवय होती. पण आकड्याला काय, खोटेपणाने कमी झाला काय आणि दयेने कमी झाला काय, तो कमीच होतो.

आता हीच गोष्ट देशांच्या पातळीवर नेऊन बघा.

क्रमांक लावणारे

अर्भकमृत्यू दर म्हणजे साधा भागाकार. वर एका वर्षात दगावलेली वर्षाच्या आतली बाळं, खाली त्या वर्षातले जिवंत जन्म, गुणिले हजार. आपल्या वर्तमानपत्रांत याला सर्रास 'बालमृत्यू दर' म्हणतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्युदरालाही 'बालमृत्यू दर'च म्हणतात, तो घोळ वेगळाच. पण भागाकाराची खरी गंमत ही की आमच्या भाच्यासारखं बाळ वरूनही गळतं आणि खालूनही गळतं. खालच्या लाखो जन्मांत एक कमी झाला तर फरक पडत नाही. वरच्या मोजक्या मृत्यूंत एक कमी झाला तर पडतो.

सोव्हिएत रशियाने हे नियमात बसवलं होतं. २८ आठवड्यांच्या आत किंवा एक किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचं बाळ पहिल्या सात दिवसांत गेलं, तर ते जिवंत जन्मलंच नाही असं धरायचं. सात दिवस श्वास घेतला तरी नाही. एवढं करूनही १९७०च्या दशकात त्यांचा दर चढायला लागला, तेव्हा त्यांनी आकडा छापणंच बंद केलं.

काकांच्या यादीतल्या क्युबाचं बघा. जगभर साधारण असं दिसतं की गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात पोटात दगावणारी बाळं आणि जन्मानंतर पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळं, या दोन संख्यांचं एकमेकींशी काहीतरी प्रमाण असतं. कारणं बरीचशी सारखीच असतात. क्युबात पहिली संख्या दुसरीच्या कित्येक पट निघते. २०१८ मध्ये काही संशोधकांनी यावर बोट ठेवलं. त्यांचा युक्तिवाद असा की तिथे डॉक्टरांच्या डोक्यावर अर्भकमृत्यूचं लक्ष्य असतं, म्हणून पहिल्या आठवड्यातले काही मृत्यू 'पोटातच गेलं' या खात्यात ढकलले जातात. मी नोकरीत डॅशबोर्ड बनवतो. एखाद्या टीमचा बोनस 'उघड्या तक्रारी किती' यावर ठेवा, महिन्याभरात तक्रारी कमी होतात. मग कळतं की त्या 'सूचना' या नावाने दुसऱ्या यादीत गेल्यात. ग्राहकाचं ॲप तितकंच बंद पडत असतं.

आता अमेरिका. तिथे वर्षाला सुमारे ३६ लाख जन्म होतात आणि त्यातली सुमारे २० हजार बाळं वर्षाच्या आत जातात. हा नमुना नाही, एकेक नोंद आहे. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यातल्या बाळालाही श्वास दिसला की जन्म म्हणून लिहिलं जातं. युरोपातल्या काही देशांत अशा बाळाच्या नोंदीला आठवड्यांची किंवा वजनाची अट होती. म्हणून अमेरिकेचे समर्थक म्हणतात की आमचा दर वाईट दिसतो कारण आम्ही प्रामाणिक आहोत.

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं कसं तपासायचं ते तिथल्याच सरकारी संस्थेने, सीडीसीने, दाखवून दिलं. २०१० सालचे आकडे घेतले. अमेरिकेचा दर ६.१ होता, श्रीमंत देशांत २६वा क्रमांक. मग त्यांनी सगळ्याच देशांतून २४ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं बाजूला काढली. अमेरिकेचा दर ४.२ वर आला. म्हणजे मोजण्यातल्या फरकाचा वाटा होता, आणि बराच होता. पण फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क यांच्या जवळपास दुप्पट तो तरीही राहिलाच. शिवाय पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत, जिथे व्याख्येचा वाद उरतच नाही, तिथे तुलनेतल्या देशांत अमेरिकाच सर्वांत वाईट निघाली. सबब तपासली, निम्मी टिकली, निम्मी पडली. याला म्हणतात आकड्याकडे चिकित्सेने बघणं. 'सगळं खोटं' म्हणून हात झटकायला यातलं काहीच लागत नाही.

दोन सरकारी आकडे, एकच राज्य

घरच्या अंगणात येऊ. भारतात अर्भकमृत्यूचे आकडे मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात.

एक, नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस. देशभरातली सुमारे ८,८०० गावं आणि शहरी वस्त्या निवडलेल्या असतात. तिथे एक स्थानिक व्यक्ती, बहुतेकदा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक, वर्षभर जन्म-मृत्यू टिपते. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर जाऊन तेच विचारतो. दोन याद्या जुळवतात, जे जुळत नाही ते पुन्हा जाऊन तपासतात. १९६९-७० पासून हे देशभर चालू आहे. कल्पना म्हणून हे फार सुंदर आहे. प्रॉडक्शनमध्ये दोन स्वतंत्र लॉग ठेवून ते ताडून बघावेत, तसं.

दोन, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. यात बाईला बसवून तिची सगळी बाळंतपणं विचारतात, कधी झालं, जिवंत आहे का, गेलं असेल तर केव्हा. आधीच्या पाच वर्षांचा दर त्यातून काढतात.

आता २०२०च्या आसपासचे आकडे शेजारी ठेवा. महाराष्ट्र: एसआरएसमध्ये १६, सर्वेक्षणात २३.२. तुम्ही म्हणाल, सर्वेक्षण मागची पाच वर्षं धरतं, म्हणून जास्त. पण एसआरएसमध्ये २०१७ साली तरी महाराष्ट्र कुठे होता? १९ वर. फरक उरतोच.

याहून मोठी गंमत बिहारमध्ये आहे. एसआरएस २०२० नुसार बिहारचा दर २७, म्हणजे देशाच्या सरासरी २८ पेक्षाही चांगला. मध्य प्रदेशचा ४३, मोठ्या राज्यांत सर्वांत वाईट. सर्वेक्षणात बिहार ४६.८ आणि मध्य प्रदेश ४१.३. क्रमांकच उलटा झाला! एका तक्त्यावरून तुम्ही बिहारच्या आरोग्य खात्याचा सत्कार कराल, दुसऱ्यावरून धारेवर धराल. दोन्ही तक्ते भारत सरकारचेच.

आणि केरळ? एसआरएस २०२० मध्ये ६, सर्वेक्षणात ४.४. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या पद्धतींनी, वेगवेगळ्या घरी जाऊन विचारलं आणि उत्तर जवळपास एकच आलं. म्हणून ग्रुपवरच्या 'सगळ्या थापा' म्हणणाऱ्या तटाला माझं सांगणं आहे की केरळचं यश खरं आहे. कोणी सांगितलं म्हणून मी ते खरं मानत नाही. दोनदा, दोन वाटांनी मोजून ते टिकलं म्हणून मानतो.

पण 'महासत्तेला हरवलं' हे मात्र चित्र बनवणाऱ्याचं डोकं. समजा एखाद्या नमुन्यात वर्षभरात ५,००० जन्म सापडले आणि त्यातली २५ बाळं गेली. दर आला ५. पुढच्या वर्षी काहीही न बदलता, निव्वळ योगायोगाने ती संख्या २० होऊ शकते किंवा ३० होऊ शकते. दर ४ किंवा ६. नमुन्यावरून काढलेल्या ५ या आकड्याला अशी मागेपुढे सैल जागा असते. अमेरिकेचा ५.६ त्या सैल जागेतच बसतो. त्यात अमेरिकेत बाविसाव्या आठवड्याचं बाळ मोजलं जातं आणि आपल्याकडे चोविसाव्याचं कधीकधी 'गर्भपात' होतं. हा सामना नाहीच, तर हरवलं कोणी?

मुंबईचा हिशेब

'आपल्या मुंबईत असं नसतं' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं.

कायद्याने जन्म आणि मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा असतो, माणूस राहतो तिथे नाही. गोवंडीचं आजारी बाळ राजावाडीला नेलं आणि तिथे गेलं, तर नोंद घाटकोपरच्या एन वॉर्डात. नालासोपाऱ्याचं बाळ परळच्या वाडियात गेलं तर नोंद मुंबईत, पालघर जिल्ह्यात नाही. त्यामुळे नुसत्या नोंदींवरून वॉर्डांचे दर काढले, तर ज्या वॉर्डात मोठं हॉस्पिटल तो वाईट दिसणार, आणि जिथे हॉस्पिटलच नाही तो आदर्श. वाचवायचा प्रयत्न करणारा बदनाम, आणि ज्याने रिक्षा पकडून दिली तो स्वच्छ.

त्यात आपली माहेरची पद्धत. बोरिवलीची सून पहिल्या बाळंतपणाला चिपळूणला जाते. जन्म चिपळूणच्या खात्यात. तीन महिन्यांनी बाळ घेऊन ती परत येते. पुढे त्या बाळाचं काही बरंवाईट झालं तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. भागाकाराचा वरचा आकडा एका शहराचा, खालचा दुसऱ्याचा. एसआरएस माणूस नेहमी राहतो ते घर धरतं, म्हणून तिथे हा घोळ टळतो. पण नमुना छोटा, त्यातून एकेका वॉर्डाचा दर काही निघत नाही.

आणि सरासरी हीच एक मोठी चादर आहे. माझ्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्या जंगलात, मुलुंड आणि बोरिवलीच्या मधे, आदिवासींचे पाडे आहेत. तिथली बाई आणि आमच्या टॉवरमधली बाई एकाच पिनकोडच्या सरासरीत असू शकतात. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता, आणि त्याच शहराला आपण महाराष्ट्राचं इंजिन म्हणत होतो. अमेरिकेतही हेच. २०२२ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय बाळांचा दर १०.९ होता, गोऱ्या बाळांचा ४.५. '५.६' या आकड्यात दोन देश आहेत. 'मुंबई' या शब्दात किती आहेत, मोजा.

ज्यांनी मोजलं

आतापर्यंतचं वाचून कोणी म्हणेल, मग राहू द्या ना, आकड्यांवर विश्वासच नको. इथेच माझं खरं भांडण आहे. मोजणं अवघड आहे म्हणून मोजूच नये, ही चैन ज्यांची बाळं जगतात त्यांनाच परवडते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये आपल्या गावांत अर्भकमृत्यू मोजले. दर निघाला १२१. हजारातली १२१ बाळं. तेव्हा कोणी म्हणू शकलं असतं की या लोकांनी जिल्ह्याची बदनामी केली. पण तो आकडा त्यांनी भाषणाला वापरला नाही, कामाला वापरला. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या गरोदर बाईचं नाव आधी लिहायच्या, म्हणजे मोजणी जन्मापासून सुरू व्हायची नाही, गर्भारपणापासून व्हायची. यादीत नाव आलं की त्या गर्भाचं पुढे काय झालं याचं उत्तर द्यावंच लागतं, 'गर्भपात' लिहून विषय मिटत नाही. जन्माच्या वेळी त्या हजर, पुढे महिनाभर घरी भेटी, जंतुसंसर्गाची चिन्हं दिसली तर इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या.

३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी, वर्षाच्या आतले सुमारे ४६ टक्क्यांनी. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तिसरा आकडा: जन्माच्या आगेमागचे मृत्यू, म्हणजे मृतावस्थेत जन्मलेली आणि पहिल्या आठवड्यात गेलेली बाळं मिळून, ७१ टक्क्यांनी कमी. हा तिसरा आकडा का महत्त्वाचा? कारण त्यात क्युबाची पळवाट बंद होते. पहिल्या दिवशी गेलेलं बाळ 'मेलेलंच जन्मलं' म्हणून ढकललं तरी ते याच बेरजेत राहतं. ज्याला खरं मोजायचंय तो स्वतःच स्वतःची पळवाट बंद करतो. २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांच्या घरी भेटी देतात, त्याची मुळं या ३९ गावांत आहेत.

नंतर २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी मिळून आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले आणि 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला. मेलेल्या मुलांपैकी मोठा भाग सरकारी नोंदीत पोचतच नाही, असं त्यातून निघालं. सरकारची पंचाईत झाली. पण पुढे राज्य सरकारनेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली. आकडा चांगला दिसत होता तोवर कोणाला समितीची गरज वाटली नव्हती.

माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षी कळते. ज्या सर्व्हरवर लॉगिंग बंद आहे, त्याच्या डॅशबोर्डवर शून्य एरर दिसतात. नवीन मुलगा खूश होतो. अनुभवी माणूस घाबरतो. लॉगिंग चालू केलं की दुसऱ्या दिवशी एररचा डोंगर उभा राहतो, आणि मॅनेजर विचारतो, "काल तर सगळं ठीक होतं, तू काय बिघडवलंस?" हा प्रश्न विचारणारा मॅनेजर पुढच्या वेळी खरा आकडा बघणार नाही, एवढं नक्की. एखाद्या आशाताईने गावातला मृत्यू प्रामाणिकपणे लिहिला आणि बैठकीत तिलाच उभं करून 'का मेलं?' विचारलं, तर पुढच्या वेळी ती काय लिहील? आणि मुंबईतल्या त्या हॉस्पिटलातला तो दमलेला माणूस?

मला काय हवंय

माझ्या मागण्या फार नाहीत. अर्भकमृत्यूचा आकडा छापाल तिथे शेजारी उपजत मृत्यूंचाही छापा. दोन्हींचं प्रमाण विचित्र दिसलं तर विचारा. नमुन्यावरून काढलेल्या आकड्याची मागेपुढे किती सैल जागा आहे ते त्याच ओळीत लिहा. मुंबईत हिशेब हॉस्पिटलच्या वॉर्डावरून करू नका, आईच्या पत्त्यावरून करा. २८ आठवड्यांच्या आत जन्मून श्वास घेतलेल्या बाळाची नोंद कायद्यात आहे तशी कागदावर आणा. आणि ज्या वॉर्डाचा, ज्या जिल्ह्याचा दर मोजणी सुधारल्यामुळे चढला, त्याला शाबासकी द्या. किमान शिक्षा तरी करू नका.

ग्रुपवर चित्रं पाठवणाऱ्यांना दोनच प्रश्न. जन्मलेलं कोणाला धरलं? आणि मोजणाऱ्याला खरं लिहिणं परवडतं का? ही दोन उत्तरं नसतील तर क्रमांकाची यादी क्रिकेटच्या ग्रुपवर टाका.

कोणी विचारेल, एका दाखल्याने तुझ्या ताईचं दुःख कमी होणार होतं का? नव्हतं. पण नवजात बाळांसाठी खाटा, व्हेंटिलेटर, शिकलेल्या नर्स कुठे ठेवायच्या हे कोणीतरी आकडे बघून ठरवतं. त्या पहाटे दुसरीकडे हलवायला वेळ उरला नाही, कारण जवळपास सोय नव्हती. सोय का नव्हती? या भागात एवढी लहान बाळं मरतात असं कागदावर दिसतच नसेल, तर सोय मागणार कोण आणि कशाच्या आधारावर? आमचा भाचा मोजला गेला असता तर पुढच्या कोणाच्या तरी उपयोगाला आला असता. तेवढंही त्याच्याकडून आपण काढून घेतलं.

मागच्या महिन्यात भावजींनी विचारलं, आता नोंद करता येईल का रे? मी बघितलं. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळाचं नाव ठेवलं नसेल तर तो रकाना रिकामा चालतो. फक्त तो जिवंत जन्मला होता याचा पुरावा लागेल. आमच्याकडे कागद एकच आहे, आणि त्यावर 'गर्भपात' लिहिलंय. दुसरा पुरावा म्हणजे माझी आई. ती म्हणते, मी येते सांगायला, मी त्याला श्वास घेताना बघितलंय.

अर्ज भरायला घेतलाय.